मुलांच्या सॉफ्टबॉलमधले पंच: खुणा, वागणूक आणि मैदानावर हमखास निघणारे प्रश्न

शालेय स्पर्धांचा मोसम आला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत चित्र साधारण सारखंच असतं. मैदान फुटबॉलचं, त्यावरच्या चुन्याच्या रेघा आदल्या दिवशीच्या मॅचच्या, बघायला आलेली माणसं क्रिकेटवर वाढलेली आणि खेळ मात्र सॉफ्टबॉल. पंचांनी हात हलवला की अर्धे प्रेक्षक टाळ्या वाजवतात, उरलेले अर्धे शेजारच्याला विचारतात, "काय दिलं?" त्यांच्यासाठी, पीईच्या नव्या शिक्षकांसाठी आणि मैदानावर पंच म्हणून पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी ही उत्तरं.

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. नियम फास्टपिच सॉफ्टबॉलचे. लहान गटात इनिंग किती आणि वेळेची मर्यादा काय हे आयोजक ठरवतात, ते टॉसच्या वेळीच विचारून घ्या.

क्रिकेटच्या खुणा कळतात. सॉफ्टबॉलच्या वेगळ्या असतात का?

वेगळ्या असतात, आणि घोळ तिथेच होतो. दोन्ही हात आडवे पसरले की क्रिकेटमध्ये वाइड. इथे तो सेफ, म्हणजे रनर बाद नाही, तळवे जमिनीकडे ठेवून. दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले की क्रिकेटमध्ये सिक्सर आणि जल्लोष. इथे खेळ थांबला, म्हणजे टाइम, फाउल (मारलेला चेंडू रेघेबाहेर) किंवा डेड बॉल. मुलाने फाउल मारलेला असतो आणि आजोबा उभे राहून टाळ्या पिटत असतात, हे मी म्हापशाच्या पेडे मैदानावरही पाहिलंय आणि फोंड्यातही. आउटसाठी बोट वर जात नाही. उजव्या हाताची मूठ वळून खांद्याच्या वर जाते. होमरनला हीच मूठ डोक्यावर गोल फिरते. क्रिकेटवाल्यांना तो पॉवरप्ले वाटतो.

सगळ्यात फसवी खूण डाव्या हाताची. डावा हात आडवा, मूठ बंद. क्रिकेटचं मन लगेच 'नो बॉल' म्हणतं. इथे अर्थ असा की पंचांनी काहीतरी नियमबाह्य पाहिलं आहे, पण चालू खेळ ते थांबवत नाहीत. याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

शिट्टी मात्र नसते. फुटबॉलच्या सवयीने गळ्यात अडकवून आला असाल तर काढून खिशात टाका.

'बॉल' देताना पंच हात का हलवत नाहीत?

बॉल म्हणजे स्ट्राइकच्या हद्दीबाहेरून गेलेली आणि बॅटरने न मारलेली फेक. बॉलला खूणच नाही. स्ट्राइकला उजवा हात ठामपणे वर जातो आणि आवाज मोठा असतो. बॉलला फक्त तोंडाने सांगायचं, तेही हात जागेवर ठेवून. त्यामुळे लांब सेंटर फील्डला उभ्या असलेल्या मुलीला आवाज पोचला नाही तरी हात गेला की नाही एवढ्यावरून कळतं. काउंट सांगताना आधी बॉल, मग स्ट्राइक: 'थ्री-टू' म्हणजे तीन बॉल, दोन स्ट्राइक. हाताने दाखवताना डाव्या हाताची बोटं बॉलची, उजव्याची स्ट्राइकची. पंचांच्या डाव्या मुठीत जो छोटा चाकांचा डबा असतो तो इंडिकेटर, त्यावर ते हा हिशेब ठेवतात. मुलांच्या मॅचमध्ये काउंट वरचेवर सांगायला कंजुषी करू नये, कारण तीन बॉल झाले हे चेंडू टाकणारा पिचर सोडून सगळ्यांना माहीत असतं, असं फार वेळा होतं.

आमच्या मुलीला घोट्याजवळचा चेंडूही स्ट्राइक दिला. हे कसं?

तुम्ही चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पाहिला, पंचांनी तो होमप्लेटवर, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीतल्या पांढऱ्या पाटीवर, पाहिला. स्ट्राइक झोन म्हणजे बॅटर नेहमीसारखी उभी असताना तिच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत, आणि रुंदीने होमप्लेट एवढा, म्हणजे 17 इंच, सुमारे 43 सेंटिमीटर. चेंडूचा कुठलाही भाग या हद्दीतून गेला की स्ट्राइक. पुढे तो खाली बुडून धुळीत पडला तरी चालतं. चांगल्या पिचरचा ड्रॉप बॉल नेमकं हेच करतो.

आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या बेसच्या बाजूला चिऱ्यांच्या कठड्यावर बसून चेंडू आत होता की बाहेर हे कुणालाच दिसत नाही. उंची थोडीफार कळते. पंच कॅचरच्या मागे, बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत डोकं ठेवून उभे राहतात ते त्यासाठीच.

लहान गटाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. 14 वर्षांखालच्या पहिल्या फेरीत पुस्तकातला झोन केसाच्या रेषेने लावला तर सगळ्या बॅटर चार बॉलवर चालत पहिल्या बेसवर जातात, फील्डर उन्हात उभे राहून चिखलात रेघोट्या मारतात. अशा वेळी दोन्ही बाजूंनी जरा उदार झोन ठेवावा. अट एकच: टॉसच्या वेळी दोन्ही प्रशिक्षकांना सांगून, आणि शेवटच्या आउटपर्यंत दोघांना सारखाच. तिसऱ्या इनिंगला अचानक झोन आवळणारा पंच मात्र कुणालाच नको असतो.

धावपळीत निर्णय द्यायला पंच एवढा वेळ का लावतात? खात्री नसते का?

घाई न करणं हाच चांगल्या पंचाचा गुण. समजा दुसऱ्या बेसवर टॅग आहे, म्हणजे चेंडू धरलेला ग्लोव्ह रनरला लावून आउट करायचं आहे. रनर घसरत येते, तांबडी धूळ उडते, शॉर्टस्टॉप ग्लोव्ह तिच्या पायावर आपटते. हात तिथेच वर गेला तर अर्ध्या सेकंदाने धूळ खाली बसते आणि चेंडू रनरच्या टाचेमागून हळूच गडगडत बाहेर येताना दिसतो. आता काय करणार? म्हणून आधी थांबायचं, ग्लोव्हमध्ये चेंडू आहे ना ते बघायचं, मुलीला तो वर करून दाखवायला सांगायचं, मग हात.

जवळ पळत जाण्यापेक्षा कोन महत्त्वाचा. फोर्स प्लेला (रनरला पुढच्या बेसवर जावंच लागतं, चेंडू आधी बेसवर पोचला की आउट) थ्रोच्या रेषेशी काटकोनात, थोडं लांब. टॅगला जास्त जवळ. पहिल्या बेसवर डोळा बेसवर, कान ग्लोव्हवर: पाय पडताना दिसतो, चेंडू बसल्याचा आवाज ऐकू येतो. प्रेक्षकांत ताशा वाजत असेल तर कान निकामी होतो. तेव्हा पंचांनी आयोजकांना सांगून तो बंद करवला तर रागावू नका.

पाय आणि चेंडू एकाच वेळी आले तर?

नियम असा की बॅटर-रनरचा पाय बेसला लागण्याआधी चेंडू पोचला तर आउट. आधी पोचला नाही तर आउट नाही. अनुभवी पंच मात्र 'एकाच वेळी' असं कधी म्हणत नाहीत, काहीतरी आधी पाहिलेलंच असतं. प्रशिक्षकांनी 'टाय होता' म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही.

डावा हात आडवा करून पंच पळत राहतात, खेळ थांबवत नाहीत. हे नेमकं काय?

याला डिलेड डेड बॉल म्हणतात. पिचरने बेकायदा पिच (फेक) टाकला किंवा फील्डरने हातात चेंडू नसताना रनरची वाट अडवली, तर पंच हात धरून ठेवतात, खेळ पुढे जाऊ देतात आणि शेवटी हिशेब करतात. थांबवलं असतं तर कदाचित ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच नुकसान झालं असतं.

आमच्याकडे हे सर्वांत जास्त दिसतं ते पहिल्या बेसवर. नवी फर्स्ट बेसमन दोन्ही पाय बेसवर रोवून उभी राहते, थ्रो अजून शॉर्टस्टॉपच्या हातात असतो, आणि धावणारी मुलगी तिला वळसा घालून जाते. यासाठीच पहिला बेस दुहेरी असतो: पांढरा अर्धा भाग आतल्या बाजूला फील्डरसाठी, नारिंगी अर्धा फाउल बाजूला रनरसाठी. शाळेच्या किटमध्ये तो नसेल तर आयोजकांकडे मागून घ्या. घोटे आणि गुडघे वाचवणारी ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

उलट, धावणाऱ्याने फील्डरला अडवलं तर तो इंटरफिअरन्स. तिथे खेळ लगेच थांबतो.

कॅच सुटला तरी बॅटर आउट कसा?

हा इन्फील्ड फ्लाय. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असतील, किंवा तिन्ही बेस भरलेले असतील, दोनपेक्षा कमी आउट असतील आणि आतल्या भागात सहज झेलता येईल असा उंच चेंडू उडाला, तर पंच एक हात डोक्यावर सरळ करून 'इन्फील्ड फ्लाय' ओरडतात आणि बॅटर तिथेच आउट होतो. नियम नसता तर हुशार फील्डरने चेंडू मुद्दाम पाडून दोन आउट काढले असते. बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू) आणि सरळ रेषेत मारलेला लाइन ड्राइव्ह यात धरत नाहीत. चेंडू फाउल ठरला तर साधा फाउल. रनरवर धावायची सक्ती नसते, पण जोखीम पत्करून धावता येतं. मुलांना हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं.

तिसरा स्ट्राइक झाला आणि तरी बॅटर पहिल्या बेसकडे पळाली?

कॅचरने चेंडू पकडला नाही, आणि पहिला बेस रिकामा होता किंवा दोन आउट झालेले होते. मग पळता येतं. पंच 'स्ट्राइक थ्री' म्हणतील, 'आउट' म्हणणार नाहीत. तिथे कान द्या.

पंचांचा निर्णय चुकला असं वाटलं तर प्रोटेस्ट करता येतो का?

या प्रश्नावर पालकांचे आणि प्रशिक्षकांचेही सर्वांत जास्त वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

पंचांनी काय पाहिलं, यावर प्रोटेस्ट नाही. आउट की सेफ, बॉल की स्ट्राइक, फेअर की फाउल, हे सगळं नजरेचं काम. नियम चुकीचा लावला असेल तर मात्र प्रोटेस्ट आहे. उदाहरण घ्या: रनर फक्त पहिल्या बेसवर आहे आणि पंचांनी इन्फील्ड फ्लाय देऊन बॅटर आउट केला. यात नजरेचा प्रश्नच नाही, नियमच तिथे लागू होत नाही. अशा वेळी प्रशिक्षकाने टाइम मागायचा, शांतपणे प्लेट पंचाकडे जायचं आणि म्हणायचं, "सर, दुसऱ्या बेसवर रनर नव्हता, मग इन्फील्ड फ्लाय कसा लागतो?" हे पुढचा पिच पडण्याआधीच करायचं. पिच पडला की दार बंद. समाधान झालं नाही तर त्याच क्षणी प्रोटेस्ट सांगायचा आणि तेव्हाचा स्कोअर, आउट, काउंट, रनर कुठे होते हे स्कोअरबुकात लिहून घ्यायचं. मॅच हरल्यावर तंबूत येऊन चौथ्या इनिंगची गोष्ट काढणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही, ऐकूही नये.

प्रश्न कसा विचारता यावर बरंच अवलंबून असतं. 'तुम्हाला दिसत नाही का' याला उत्तर नसतं. 'तुम्ही काय पाहिलंत' याला असतं, आणि चांगला पंच ते एका वाक्यात देतो: "टॅग लागला, पण पाय आधी बेसवर होता." एवढं पुरे. पंचांनीही भाषण देऊ नये.

दुसऱ्या पंचाने स्पष्ट पाहिलं असेल तर त्याने निर्णय का बदलू नये?

कारण तो निर्णय त्याचा नव्हे. ज्याने दिला त्यानेच बदलायचा. मात्र तो आपल्या जोडीदाराला विचारू शकतो, आणि शंका असेल तर विचारावंच. दोघांनी बाजूला जाऊन, पाठ डगआउटकडे करून, हळू आवाजात बोलायचं आणि मूळ पंचाने निकाल सांगायचा. बॅट अर्धवट फिरली की नाही याबाबत प्लेट पंच बेस पंचाकडे बोट करून विचारतात, ते याच पद्धतीतलं. न विचारता लांबून 'नाही नाही, सेफ!' असं ओरडणारा जोडीदार मात्र त्या दिवसाची मॅच हातातून घालवतो.

मी मोबाइलवर व्हिडिओ काढलाय. त्यात मुलगा सेफ दिसतोय.

घरी बघा, मुलाला दाखवा. शालेय मॅचमध्ये तो पंचांसमोर धरून उपयोग नाही. शिवाय बहुतेक व्हिडिओ ज्या कोनातून काढलेले असतात त्यावरून काहीही सिद्ध होतं.

पंच समोरच्या संघाच्या शाळेतलेच शिक्षक आहेत. हे चालतं का?

आदर्श नाही. पण सत्तरी किंवा सांगेसारख्या तालुक्यात सॉफ्टबॉल जाणणारी माणसं मोजकीच असतात आणि तीच शाळाशाळांत शिकवत असतात. पर्यायच नसेल तर निदान त्यांना बेसवर उभं करा, प्लेटच्या मागे तटस्थ माणूस द्या. आणि हे टॉसच्या आधी दोन्ही प्रशिक्षकांसमोर उघडपणे बोला. मॅच सुरू झाल्यावर 'ते त्यांचेच सर' अशी कुजबुज करण्यापेक्षा ते बरं. स्वतः पंचांनीही आपल्या शाळेच्या मुलांना नावाने हाका मारू नयेत. दोन्ही संघांना जर्सीच्या नंबरने बोलवावं. डगआउटमधून चहा किंवा थंड आला तर तो दोन्हीकडून, नाहीतर कुठूनच नको.

मुलगी 'सर, हांव सेफ आशिल्लें!' म्हणाली म्हणून पंचांनी तिला दम दिला. योग्य आहे?

दम नको होता. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने एकदा तोंडातून काढलेलं वाक्य म्हणजे उद्धटपणा नव्हे. मान हलवावी, 'आउट, बाळा' म्हणावं, पुढच्या बॅटरकडे बघावं. दुसऱ्यांदा झालं तर तिला नाही, तिच्या प्रशिक्षकाला सांगावं. बॅट किंवा हेल्मेट आपटलं, समोरच्या मुलीला शिवी दिली, तर ताकीद उघडपणे आणि लगेच. शिवी कोकणीत होती, मराठीत होती की हिंदीत, याने फरक पडत नाही. मैदानाबाहेर काढण्याचा अधिकार पंचांना आहे, पण मुलांच्या बाबतीत तो शेवटचा उपाय. मोठ्या प्रशिक्षकाच्या बाबतीत एवढी सबुरी दाखवायची गरज नाही.

कॉल इंग्रजीत असले तरी समजावणं मुलाला कळेल त्या भाषेत असावं. 'लिव्हिंग अर्ली' असं तीनदा ओरडण्यापेक्षा 'चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवर ठेव' असं एकदा सांगितलं की पुरतं.

मुलांशी, विशेषतः मुलींच्या संघाशी वागताना पंचांनी काय पाळावं?

हात लावायचा नाही. हेल्मेटचा पट्टा सैल असेल तर तिला सांगा, तिच्या बाईंना बोलवा. कॅचरच्या पाठीवर हात टेकवून उभं राहायची काहींची सवय असते. ती मुलांच्या मॅचमध्ये सोडून द्या. दुखापत झाली की टाइम, आणि मुलीजवळ तिच्या शाळेची बाई किंवा प्रशिक्षक आधी. फोटो काढायचे नाहीत, नंबर घ्यायचे नाहीत. मॅचनंतर बोलायचं तर सगळ्यांसमोर.

सामन्याआधी कानातले काढायला का लावतात?

लोंबणारी किंवा टोकदार वस्तू स्लाइडमध्ये कापते. रिंगा, बांगड्या, कडी काढायचीच. गळ्यातली क्रुसाची साखळी असो, देवाचं लॉकेट असो की मनगटावरचा काळा दोरा, पंचांनी सगळ्यांना एकच नियम लावावा आणि हे सांगताना आवाज मऊ ठेवावा. नुकतेच कान टोचलेत आणि काडी काढता येत नाही, ही अडचण दर स्पर्धेत एकीला तरी असते. चिकटपट्टी सोबत ठेवा, धोका नाही अशी खात्री करून पंच मार्ग काढतात. औषधाची माहिती असलेलं कडं काढायचं नाही, ते माहिती दिसेल असं चिकटपट्टीने अंगाला चिकटवून ठेवायचं.

याच वेळी बॅटी तपासल्या जातात. चेपलेली, भेगाळलेली, मूठ सुटलेली बॅट बाजूला. बॅटर आणि रनर दोघांनाही दोन्ही कान झाकणारं हेल्मेट, कॅचरला मास्क, गळ्याचं संरक्षण, चेस्ट गार्ड आणि पॅड. 'किट अजून बसमध्ये आहे' ही सबब नको. मॅच थांबेल, पण कॅचर मास्कशिवाय बसणार नाही.

पाऊस आला तर कोण ठरवतं?

मॅच सुरू झाली की प्लेट पंच. आमच्या पावसात रिमझिम हा प्रश्न नाही, जमीन हा प्रश्न आहे. पिचरचा पुढचा पाय घसरायला लागला, किंवा ओला चेंडू हातातून सटकून बॅटरच्या अंगावर यायला लागला, की थांबायचं. गडगडाट ऐकू आला की चर्चा नाही: सगळे मैदानाबाहेर, झाडाखाली नव्हे तर पक्क्या छपराखाली किंवा बसमध्ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वाट. कुंपणाशेजारचा माड आणि पत्र्याची उघडी शेड या दोन्ही जागा वाईट.

प्लेट झाडताना पंच मैदानाकडे पाठ का करतात?

प्रेक्षकांकडे पाठ करून वाकू नये म्हणून. जुना रिवाज आहे. लाल मातीत तर दर दुसऱ्या बॅटरला झाडावं लागतं, तेव्हा ब्रश चांगला घ्या.

मला पंच व्हायचंय. कुठून सुरुवात करू?

स्कोअरबुकापासून. दोन-चार मॅच स्कोअर लिहिला की नियम अंगात मुरायला लागतात. मग सराव सामन्यात बेस पंच म्हणून उभे राहा, तेही अनुभवी प्लेट पंचासोबत. प्लेटच्या मागे जायची घाई नको. जाल तेव्हा गळ्याच्या संरक्षणासह मास्क हवाच, शिवाय चेस्ट प्रोटेक्टर आणि शिन गार्ड. मोठ्या मुलींच्या गटात पिचर 43 फुटांवरून टाकते, आणि फाउल टिप, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू, कुठे लागेल हे तिलाही माहीत नसतं. फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट, काळे बूट हा नेहमीचा पोशाख. शाळेचा ट्रॅकसूट घालून प्लेटमागे उभे राहू नका.

आरशासमोर खुणांचा सराव करा. हसू येतं, पण कोपर वाकलेलं आहे की नाही ते तिथेच दिसतं. सेफचे हात छातीसमोरून बाहेर जावेत, पंख फडफडल्यासारखे नकोत. मग कुणालातरी मैदानाच्या पार टोकाला, राइट फील्डला उभं करा आणि आवाज न काढता खुणा द्या. त्याने तिथून बरोबर ओळखलं तर ठीक. नाही ओळखलं तर हात अजून उंच.